कॅन्सरला एवढा धीर नसतो

काशका-बेल गावात कुणी वारलं की कालिपा सांत्वनाला जायची, घरातल्या बायकांच्या गळ्यात पडून रडायची, चहाची वाटी हातात आली की दोन घोट घ्यायची आणि मग हळूच विचारायची, "घरात कुत्री किती होती गं? गेल्या दहा वर्षांतली सगळी सांग."

सुरुवातीला लोकांना राग यायचा. तुर्सून म्हातारी तर एकदा तोंडावर म्हणाली होती, "ही बया रडायला येते की शिरगणतीला?" पण राग धरून करणार काय? अलाय खोऱ्याच्या त्या टोकाला ऑक्टोबरात आलेलं बर्फ मे उजाडला तरी काढता पाय घेत नाही, आणि तिथल्या दोन खोल्यांच्या उपकेंद्रात कालिपा पंचवीस वर्षं एकटी होती. डॉक्टर तीच, सुईण तीच, इंजेक्शन देणारी तीच आणि शेगडीत शेणी घालणारीही तीच. अर्ध्या गावाची नाळ तिनं कापलेली. अशा बाईशी भांडून माणूस जाणार कुठं? लहानथोर सगळे तिला एजे म्हणायचे. एजे म्हणजे ताई. तिच्याहून वीस वर्षांनी मोठे म्हातारेसुद्धा कंबर धरून यायचे आणि म्हणायचे, "एजे, बघ गं जरा."

कुत्र्यांचं हे खूळ तिच्या डोक्यात शिरलं ते तिच्या जावेपासून. अनाश तिचं नाव. कालिपाचा नवरा ओर्मोन, त्याच्या थोरल्या भावाची बायको. दोघी जावा एका अंगणात नांदल्या, एका चुलीवर भाकऱ्या भाजल्या. अनाशला उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं, तेव्हा तिला शहरात नेलं. तिथल्या डॉक्टरनं सांगितलं, यकृताचा कॅन्सर आहे, तीन महिने मिळतील. अनाश घरी आली आणि सात वर्षं जगली. त्या सात वर्षांत तिनं थोरल्या मुलीचं लग्न केलं, लोकरीचे पाच गालिचे शिवले, सासऱ्यांना शेवटपर्यंत सांभाळलं. मग पिवळी पडली आणि महिन्याभरात गेली. लोक म्हणाले, देवानं पुण्याईची वर्षं दिली. कालिपाही तसंच म्हणाली.

पण पुढच्या वर्षी वरच्या आळीतला एक मेंढपाळ गेला. त्यालाही यकृताचा कॅन्सर सांगितला होता, आणि तोही त्यानंतर सहा वर्षं मेंढ्यांमागे डोंगर चढत होता. त्याच्यानंतर डेअरीवरची एक बाई.

"कॅन्सरला एवढा धीर नसतो," कालिपा एके दिवशी जेवताना नवऱ्याला म्हणाली.

"असेल एखादा आमच्या गावचा," ओर्मोन म्हणाला. "आमच्याकडे कुणालाच कशाची घाई नसते."

कालिपा हसली नाही. नर्सिंगच्या शाळेत असताना पुस्तकात एक पान होतं, ते तिला आठवत होतं. कुत्र्याच्या आतड्यात राहणारा एक जंत, तिळाएवढा. कोल्हा नाहीतर कुत्रा शेतातले उंदीर खातो, त्यातून जंत त्याच्या पोटात जातो. कुत्र्याला काहीच होत नाही. पण जंताची अंडी त्याच्या विष्ठेतून अंगणात, केसांवर, ओढ्याच्या पाण्यात पसरतात, आणि तीच एखाद्या माणसाच्या पोटात गेली तर यकृतात रुजतात. दहा-दहा वर्षं मुळ्या पसरत राहतात, आणि बघणाऱ्याला तो हुबेहूब कॅन्सर दिसतो. कालिपाच्या लहानपणी सरकारी माणूस घरोघर येऊन कुत्र्यांना जंताच्या गोळ्या घालायचा. पुढे तो मोठा देश फुटला, जुना देशच राहिला नाही, आणि तो माणूसही यायचा थांबला.

तालुक्याला बैठक असली की ती हे बोलून दाखवायची. तिथले साहेब म्हणायचे, कागदावर काय लिहिलंय? यकृताचा कॅन्सर ना? मग तेच भरा. रकाना तेवढाच आहे.

ती तेच भरायची. घरी येऊन मात्र आपल्या वहीत खरं खरं लिहायची. नाव, वय, पहिल्यांदा दुखलं कधी, शहरात काय सांगितलं, त्यानंतर किती वर्षं काढली, मेंढ्या कोण राखतं, पाणी कुठलं, कुत्री किती. हे कुणी तिला सांगितलं नव्हतं. त्याचं काय करायचं हेही तिला ठाऊक नव्हतं.

मग साबिरा आजारी पडली.

साबिरा तुर्सून म्हातारीची सून. चौतीस वर्षांची, शाळेत चौथीला शिकवायची, आवाज असा खणखणीत की तिचे पाढे उपकेंद्रापर्यंत ऐकू यायचे. त्या हिवाळ्यात तो आवाज बसत गेला. अंगावरचे कपडे लोंबायला लागले. नवरा तिला शहरात घेऊन गेला आणि चौथ्या दिवशी परत घेऊन आला. यकृताचा कॅन्सर, पसरलाय, घरी न्या, आवडीचं खाऊ घाला.

कालिपा गेली तेव्हा घरात दहावं घालायचीच तयारी असावी तसा प्रकार होता. बायका भिंतीला टेकून बसलेल्या, चहाचा समोवार उकळतोय, आणि तुर्सून म्हातारी दिराशी बोलतेय की वेळ आली तर मयताच्या जेवणाला कुठली घोडी कापायची.

पलंगावरून साबिराचा आवाज आला, "तांबडीला हात लावू नका. गाभण आहे ती."

कालिपा तिच्याजवळ जाऊन बसली. पोट चाचपलं. उजवीकडे हाताला दगडासारखं लागत होतं.

"पहिल्यांदा दुखलं कधी गं?"

"पाच वर्षं झाली. धाकटा पोटात होता तेव्हा."

"पाच वर्षं! आणि मला सांगितलं नाहीस?"

"तेवढं काही नव्हतं, एजे. आणि तुझ्याकडे यायचं म्हणजे वजन करायला लावतेस."

"घरात कुत्री किती?"

"झालं!" तुर्सून म्हातारीनं कपाळावर हात मारला. "आता जिवंतपणीच शिरगणती सुरू!"

कालिपा उठून उभी राहिली. एरवी मोठ्यांपुढे ती आवाज चढवत नसे. "आपा," ती म्हातारीला म्हणाली, "घोडी राहू द्या. मला दहा दिवस द्या. मी चुकले तर घोडी कुठं पळून जात नाही. आणि तुम्ही चुकलात तर ही पोरगी उगाच जाईल."

म्हातारीनं सुनेकडे बघितलं. "तुझं काय म्हणणं आहे?" तिनं साबिराला विचारलं. लग्न होऊन बारा वर्षं झाली होती, पण हा प्रश्न म्हातारीनं तिला पहिल्यांदाच विचारला होता.

"मी जाते," साबिरा म्हणाली.

राजधानीत, बिश्केकला, मेदेत नावाचा एक डॉक्टर होता. दोन वर्षांपूर्वी तालुक्याच्या शिबिरात त्यानं ह्याच जंतावर तासभर भाषण दिलं होतं. ऐकणारे चाळीस, त्यातले तीस डुलक्या घेत होते. कालिपानं तेव्हा त्याचा नंबर लिहून घेतला होता. आता तिनं फोन लावला, वडाप गाडीची मागची अख्खी सीट साबिरासाठी घेतली, आणि दोन घाट ओलांडून दुसऱ्या दिवशी दुपारी त्या बिश्केकला पोहोचल्या.

मेदेतचं वय चाळिशीच्या आतबाहेर, टक्कल मात्र साठीचं. खिशात कायम सूर्यफुलाच्या बिया. पोटावर सोनोग्राफीचं यंत्र फिरवताना मात्र तो चघळणं थांबवायचा. त्या दिवशी तो फार वेळ थांबला. मग रक्त तपासायला पाठवलं, सुईनं गाठीचा बारीकसा तुकडा काढून घेतला, आणि तीन दिवसांनी दोघींना समोर बसवलं.

"कॅन्सर नाही," तो म्हणाला. "जंत आहे. एजे म्हणाल्या तोच."

साबिरा रडली नाही. म्हणाली, "म्हणजे कुत्र्याचा जंत माझ्या पोटात पाच वर्षं?"

"पाच नाही, दहा तरी. आधीची पाच तो गपचूप होता."

ऑपरेशन आठ तास चाललं. यकृताचा निम्म्याहून मोठा भाग काढावा लागला. उरलेलं वाढतं, मेदेतनं समजावलं, बागेतल्या छाटलेल्या झाडासारखं. पण एखादी मुळी राहिली असेल, म्हणून गोळ्या रोज घ्यायच्या, आयुष्यभर.

"आयुष्यभर?" साबिरानं तोंड वाकडं केलं.

"आयुष्य आहे म्हणून आयुष्यभर," मेदेत म्हणाला.

ती बरी होत होती तेव्हाच एका दुपारी कालिपानं पिशवीतून आपली वही काढून मेदेतपुढे ठेवली. त्रेचाळीस नावं होती. मेदेतनं पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, मग दार लावून घेतलं आणि सगळी वाचली.

"हे लिहायला कोणी सांगितलं तुम्हाला?"

"कोणी नाही."

"मग का लिहिलंत?"

"सरकारी कागदावर खोटं लिहावं लागायचं," ती म्हणाली. "कुठंतरी खरं नको का?"

मेदेतला हवा होता अभ्यास. खोऱ्यातल्या प्रत्येक माणसाचं पोट तपासायचं, कुत्र्यांना गोळ्या द्यायच्या आणि वर्षानुवर्षं मोजत राहायचं. अशा कामाला पैसा देणाऱ्या संस्था परदेशात असतात. त्यांना अर्ज करावा लागतो, अर्ज वाचायला तज्ज्ञ बसतात. मेदेतनं अर्ज केला, वहीतली माहिती जोडली. सहा महिन्यांनी उत्तर आलं. विषय महत्त्वाचा आहे, पण गावच्या परिचारिकेची वही हा पुरावा धरता येत नाही.

मेदेतनं तिला फोनवर हे कसंबसं सांगितलं. तिला वाईट वाटेल ह्या भीतीनं तो आडवळणं घेत होता.

"खरंच आहे त्यांचं," कालिपा म्हणाली. "मी त्रेचाळीस लिहिली, पण सुटली किती ते मला तरी कुठं माहीत आहे? नुसत्या माझ्या बोलण्यावर कशाला पैसे देतील? तुम्ही यंत्र घेऊन या इकडे. जेवायला आम्ही घालू."

तर मेदेत रजा टाकून आला. ओळखीच्याकडून उसनं आणलेलं, सुटकेसएवढं सोनोग्राफीचं यंत्र मांडीवर धरून आला. शाळेची एक खोली घेतली. टेबल ओर्मोनच्या घरून आलं. आणि पहिल्या सकाळी कोणीच आलं नाही.

म्हणजे आले सगळे, पण दारात उभे राहिले. बायका म्हणाल्या, परक्या पुरुषापुढे पोट उघडं कसं टाकायचं? पुरुष म्हणाले, धडधाकट माणसाची तपासणी कसली, उगाच काहीतरी काढून ठेवायचा. कालिपानं खोलीत पडदा लावला, बायकांच्या वेळी यंत्र धरायला ती स्वतः शिकली होती ते सांगितलं. कोणी हललं नाही.

शेवटी ओर्मोननं मेंढीच्या कातड्याचा कोट काढला, डोक्यावरची पांढरी टोपी काढून कालिपाच्या हातात दिली आणि टेबलावर आडवा झाला. त्याचं पोट गावात प्रसिद्ध होतं.

"बघ रे बाबा," तो मेदेतला म्हणाला. "आत चरबीशिवाय काही सापडलं तर तुझं."

बाहेर हशा पिकला. मेदेतनं सगळ्यांना दिसेल असा यंत्राचा पडदा वळवला आणि यकृत दाखवलं. स्वच्छ होतं. "आणि ही चरबी," तो म्हणाला. "ही मात्र फार आहे." त्यावर अजून हशा झाला, आणि मग रांग लागली. तुर्सून म्हातारी चौथी होती. कपडे सावरत उठताना ती कालिपाला म्हणाली, "सात कुत्री. आयुष्यभरातली. लिहून घे."

आठ दिवसांत सहाशेबारा माणसं तपासली. सत्तावीस जणांच्या यकृतात तो जंत सापडला. त्यातल्या एकोणीस जणांना अजून काहीही दुखत नव्हतं. सहावीतली एक मुलगी होती, तिचा डाग बोराएवढा. तिचं लगेच ऑपरेशन झालं आणि दोन महिन्यांत ती पुन्हा घोड्यावर दिसली. कादिर नावाचा एक मेंढपाळ होता, त्याला फार उशीर झाला होता. पोरींना शाळेत सोडायला तो रोज उपकेंद्रावरून जायचा आणि कालिपानं त्याला कधी हटकलं नव्हतं. पुढचं वर्षभर ती दर आठवड्याला त्याच्या घरी गेली, शेवटपर्यंत. त्याबद्दल ती फारशी बोलत नाही.

सत्तावीसचा आकडा मेदेतनं पुन्हा अर्जात घातला. ह्या वेळी संस्थेनं माणूसच पाठवला. बिर्गिट नावाची उंच, किडकिडीत बाई, सोबत दुभाषी. गाडीतून उतरली आणि ओर्मोनच्या बोयनोकला बघून परत गाडीत बसली. बोयनोक म्हणजे वासराएवढा मेंढपाळ कुत्रा, गळ्याभोवती पांढरा पट्टा, आणि पाहुण्यांच्या खांद्यावर पाय ठेवायची सवय. त्याला बांधल्यावर बाई खाली आली. कालिपानं चहा दिला, लोणी दिलं, तळलेल्या पिठाचे गरम बोरसोक पुढे ओतले. बाईनं तीन तास प्रश्न विचारले. शेवटचा प्रश्न दुभाष्यानं जरा बिचकतच सांगितला.

"त्या विचारतात, एवढं सगळं केलं आणि गोळ्यांचा उपयोगच होत नाही असं निघालं तर?"

"तर तेवढं तरी कळेल," कालिपा म्हणाली. "आत्ता तेही माहीत नाही."

बाईनं हे लिहून घेतलं. मग आणखी एक बोरसोक उचलला. वसंतात पैसा मंजूर झाला.

खरी कसोटी त्यानंतरची. माणसांची तपासणी आणि औषधं खोऱ्यातल्या सोळाही गावांना मिळणार होती, त्यात डावं-उजवं नव्हतं. प्रश्न कुत्र्यांच्या गोळीचा होता. दर महिन्याला दिली तर उत्तम, असं पुस्तक म्हणतं. पण एवढ्या मोठ्या खोऱ्यात दर महिन्याला प्रत्येक कुत्र्यामागे फिरणं सरकारला पुढे परवडेल का? तीन महिन्यांतून एकदा दिली तर भागेल का? हे कळायचं तर आठ गावांत दर महिन्याला द्यायची, आठ गावांत तीन महिन्यांनी, आणि कुठलं गाव कुठं ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. मेदेत म्हणाला, एरवी हे संगणकावर होतं, पण इथं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होऊ दे. सोळा गावांचे वडीलधारे जमले. चिठ्ठ्या ओर्मोनच्याच टोपीत घातल्या.

काशका-बेलची चिठ्ठी तीन महिन्यांची निघाली. ओढ्यापलीकडच्या तुयुक-सायला दर महिन्याची.

घरी येईपर्यंत ओर्मोननं दम धरला. दारात बूट काढताना फुटला. "वही तुझी. टेबल माझं. पोट माझं. टोपीसुद्धा माझी! आणि दर महिन्याची गोळी त्या तुयुक-सायवाल्यांना? ते लोक गेल्या वर्षी आपल्या कुरणात मेंढ्या घुसवत होते!"

"चिठ्ठीला कुरण कळत नाही."

"तुला तरी कळतं ना? गोळ्यांचे डबे तुझ्याच कपाटात येणार. कोण बघतंय?"

"मी बघते," कालिपा म्हणाली.

गावानंही तिला सोडलं नाही. विहिरीवर, दुकानात, शाळेच्या फाटकात तोच विषय. एजे, आपल्याच लेकरांच्या जिवावर परीक्षा घेतेस का? ती प्रत्येकाला तेच सांगायची. हात धुवा, ओढ्याचं पाणी उकळून प्या, दर वर्षी तपासणीला या, डाग सापडला तर औषध त्याच दिवशी मिळेल. गोळी मात्र तीन महिन्यांनीच. "आपण चोरून दिली," ती म्हणायची, "तर तीन महिन्यांची गोळी पुरते असं खोटंच सिद्ध होईल. मग पुढे सगळ्या खोऱ्याला तीच मिळेल. तुमच्या नातवंडांनाही." हे बोलताना तिला खात्री असायची. रस्त्यानं एकटी घरी येताना तेवढी नसायची. सहावीतल्या त्या मुलीचं घर वाटेवर होतं, आणि त्या अंगणात दोन कुत्री होती.

पहिलं वर्ष असं गेलं. दुसऱ्या वर्षीच्या एका गोळीच्या दिवशी, सकाळी, लोक नेहमीप्रमाणे कुत्र्यांना दोरीनं बांधून उपकेंद्रापुढे आले. भुंकण्यानं कान किटले होते. कालिपा प्रत्येक गोळी खिम्याच्या गोळ्यात दडवून कुत्र्याच्या तोंडात टाकायची आणि नाव मांडायची. बोयनोकची पाळी आली. त्यानं खिमा हुंगला, तोंड फिरवलं आणि ओर्मोनच्या कोटाच्या डाव्या खिशात नाक खुपसलं. तिथून हलेना. शेपटी हलवत, कुंई कुंई करत खिसा चाटायला लागला.

कालिपानं खिशात हात घातला. चरबी लागलेला कागद निघाला. मेंढीच्या शेपटीची चरबी.

"ह्याला चरबीत गोळी खायची सवय कुणी लावली?" तिनं विचारलं.

ओर्मोन आकाशाकडे बघत होता. ओश शहराच्या बाजारातून गोळ्या आणून तो वर्षभर दर महिन्याला बोयनोकला चारत होता.

कालिपा ओरडली नाही. सगळ्यांदेखत तिनं वही पुढे ओढली आणि मोठ्यानं वाचत लिहिलं, "बोयनोक. मालक ओर्मोन. नियमाबाहेर गोळ्या, अंदाजे बारा. हिशेबातून वगळावा." मग वर बघून म्हणाली, "आणखी कोणी आहे? आत्ताच सांगा. रागावणार नाही. खरं लिहायचंय फक्त."

मागून एक हात वर झाला. मग आणखी एक. ओर्मोन सोडून पाच निघाले. पाचवा गावच्या मशिदीतला इमाम होता.

त्याच दुपारी तिनं मेदेतला फोन करून सहाही कुत्री सांगितली. तो हसायला लागला. "एजे," तो म्हणाला, "बाकीच्या पंधरा गावांतून मला एकही सांगितलेलं नाही. आणि मला काळजी त्यांचीच वाटतेय." पुढच्या महिन्यात तो स्वतः गावोगाव फिरला, लोकांना जवळ बसवून विचारलं, आणि आणखी तीस-चाळीस कुत्री हिशेबातून काढली.

ओर्मोन आठवडाभर बायकोशी बोलला नाही. आठव्या दिवशी जेवताना म्हणाला, "गावात मला लोक काय म्हणतात माहीत आहे? हिशेबाबाहेरचा."

"मग? चुकीचं आहे का?"

तो हसला. भाकरी तिच्याकडे सरकवली. तिथं ते भांडण मिटलं.

तीन वर्षं पुरी झाल्यावर तालुक्याच्या सभागृहात मेदेतनं निकाल सांगितला. दर महिन्याला गोळी मिळालेल्या गावांत जंत असलेली कुत्री शोधून सापडत नव्हती. तीन महिन्यांच्या गावांत फरक पडला होता, पण थोडाच. उंदीर खाल्ला की कुत्र्याला पुन्हा जंत लागत होता. माणसांचं खरं उत्तर कळायला आणखी दहा वर्षं लागतील, मेदेत म्हणाला, ह्या दुखण्याची चालच तशी. पण कुत्र्यांचं उत्तर पक्कं आहे, आणि सरकारनं ते मान्य केलंय. ह्या महिन्यापासून सोळाही गावांना दर महिन्याला.

मागच्या रांगेतून तुर्सून म्हातारी उठून उभी राहिली. "म्हणजे आमचं गाव हरलं का?"

मेदेत उत्तर द्यायला गेला, पण कालिपाच बोलली. "आपा, आपल्या गावानं सांगितलं म्हणून तर कळलं. एकट्या तुयुक-सायनं काय सिद्ध झालं असतं?"

म्हातारीला ते पटलं असावं. तुयुक-सायवाले पुढच्या रांगेत बसले होते, त्यांच्याकडे वळून ती म्हणाली, "ऐकलंत? कुरणातल्या मेंढ्या काढा आता." शेजारी साबिरा बसली होती, ती डोक्यावरच्या रुमालात तोंड लपवून हसत होती. एव्हाना तिचा आवाज पुरता परत आला होता. गोळ्यांना ती रोज शिव्या देते आणि रोज घेते.

मधल्या काळात कालिपाच्या वहीत भर पडली ती बहुतेक अशांची, ज्यांचा डाग वेळेत सापडला. पुढे कालिपाला राजधानीत बोलावलं, डॉक्टरांच्या परिषदेत. मेदेतनं छापलेल्या लेखात तिचं नाव इतर डॉक्टरांच्या नावांच्या रांगेत होतं. कुणीतरी विचारलं, तुमची पदवी काय लिहायची? ती म्हणाली, काशका-बेल लिहा. मग तिला वाटलं हे जरा उर्मट झालं, म्हणून खाली आपली साधी पदविकाही लिहून दिली.

गेल्या जूनमध्ये ती निवृत्त झाली. उपकेंद्रात आता एक तरतरीत मुलगी आलीय, तिच्याकडे संगणक आहे, आणि कोणतंही पोट चाचपताना ती आधी हात गरम करते. कालिपानं पहिले दोन दिवस तिथं उगाच चकरा मारल्या. तिसऱ्या दिवशी ओर्मोन म्हणाला, "चल, वर जाऊ."

वर म्हणजे उन्हाळ्याच्या कुरणावर. लग्नानंतरच्या तीस उन्हाळ्यांत ती तिथं सलग चार दिवस राहिली नव्हती. कधी बाळंतपण, कधी ताप, कोणीतरी घोड्यावरून बोलवायला यायचंच. ह्या वर्षी कोणी आलं नाही. लोकरीचा तंबू उभा राहिला, बाजूला घोड्यांची शिंगरं बांधली, आणि पहिल्याच सकाळी कालिपा बादली घेऊन घोडीचं दूध काढायला बसली. घोडीनं एक पाऊल पुढे टाकलं. कालिपा सरकली. घोडीनं आणखी एक टाकलं. अर्ध्या तासानं बादलीत घोटभर दूध होतं आणि कालिपाच्या बुटात त्याहून जास्त.

"लोकांची बाळंतपणं कशी केलीस गं तू?" कुंपणावर कोपर टेकून ओर्मोननं विचारलं.

"ती निदान एका जागी झोपायची."

तो पोट धरून हसला, कुंपण ओलांडून आत आला आणि घोडीचं डोकं धरून उभा राहिला. दुसऱ्या दिवशी अर्धी बादली झाली. आठवड्याभरात तिचा हात बसला. दुपारी काम आवरलं की ती तंबूच्या सावलीत आडवी होते आणि दिवसाउजेडी, पाय पसरून, झोपून जाते.